नानांची तापमापी

संक्रांतीला आमच्या घरी सकाळी तिळाच्या वड्या व्हायच्या आणि दुपारी बर्फ यायचा. ग्वाल्हेरच्या जानेवारीत बर्फ! धुकं अकरा-बारापर्यंत उठत नाही, सगळं शहर शेगडीला चिकटून बसलेलं, आणि नाना सायकलच्या कॅरिअरला गोणपाट बांधून दौलतगंजाकडे बर्फ शोधायला निघालेले. उन्हाळ्यात गल्लोगल्ली लाद्या मिळायच्या. थंडीत एखाद्याकडेच, तोही मासळीवाल्यांसाठी ठेवलेला. नाना तास-दीड तासाने परतायचे, बोटं गारठून पांढरी पडलेली. आई काही न बोलता चहा टाकायची.

हा सगळा खटाटोप एका तापमापीसाठी असायचा. नाना लष्कर भागातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. १९६९ साली त्यांनी स्वतःच्या पगारातून पाऱ्याची एक तापमापी घेतली. उणे ५ पासून ११० अंश सेल्सिअसपर्यंतची, ०.२ अंशाच्या घरांची. तिला त्यांनी लाकडी पेटी करवून घेतली, आत कापूस घातला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवली: ‘हिला उकळत्या पाण्यात घालू नये.’ आम्हां भावंडांना वाटायचं, तडकेल म्हणून लिहिलंय.

बर्फ आला की तो पंच्यात बांधून वरवंट्याने ठेचायचा, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचा, थर्मासमध्ये भरायचा, वर त्याच पाण्याची धार धरून फटी भरून काढायच्या. तापमापी शून्याच्या रेघेपर्यंत आत. मग वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. नाना नखाने काचेवर हलक्या टिचक्या मारायचे, भिंग डोळ्याला लावायचे, डोळा पाऱ्याच्या अगदी पातळीत आणायचे आणि वहीत एकच आकडा लिहायचे. फ्रिज आल्यावर सायकलची फेरी थांबली. बाकी सगळं तसंच राहिलं.

मी सहावी-सातवीत असताना विचारलं होतं, ‘नाना, बर्फ शून्यालाच वितळतो ना? मग दरवर्षी तेच काय बघायचं?’

‘बर्फ कोण बघतंय? मी काच बघतोय.’

ते वाक्य मला कळायला वीस वर्षं लागली. आज मी ते इथे नीट लिहून ठेवणार आहे, कारण मागच्या वर्षी या तापमापीच्या बाबतीत एक प्रकार घडला. त्याकडे यायचं तर आधी काचेबद्दल बोलावं लागेल.

वहीतले आकडे असे आहेत. १९६९ साली तापमापी नवी असताना बर्फात पारा बरोबर शून्यावर. १९७० च्या संक्रांतीला ०.०४. १९७१ ला ०.०६. मग वाढ मंदावत जाते. १९७९ ला ०.१०. पुढची पंचवीस वर्षं पारा जेमतेम सरकलेला, आणि २००४ साली, नानांच्या हातच्या शेवटच्या नोंदीत, ०.१३. त्यांच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक आकड्यापुढे तारीख आणि वेळ. दोन रेघांमधलं अंतर डोळ्यांनी वाटून काढलेले हे आकडे, त्यामुळे शेवटच्या अंकावर माझी भिस्त नाही. पण दिशा एकच आहे. बर्फ वितळण्याचं तापमान बदललेलं नाही, पारा वाढलेला नाही. मग पारा वर का चढतो? कारण ज्या फुग्यात तो भरलाय तो फुगा आक्रसतोय. काच आक्रसतेय.

किती? हे गणित मी एकदा मांडलं. काचेच्या तुलनेत पारा दर अंशाला साधारण ६,३०० भागांत एक भाग इतका प्रसरण पावतो. त्या हिशेबाने ०.१३ अंशाची चढ म्हणजे फुग्याचं आकारमान एक लाख भागांत दोन भागांनी घटलं. पस्तीस वर्षांत एवढंच. पण बारीक नळी ते मोठं करून दाखवते. एवढीशी हालचाल डोळ्यांना दिसावी अशी सोय घरात दुसऱ्या कुठल्या वस्तूत असेल असं मला वाटत नाही.

हे बघणारे नाना पहिले नव्हते, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मँचेस्टरचा जेम्स जूल, ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो, त्याने १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षं, एकाच तापमापीचा शून्यांक, म्हणजे बर्फात पारा जिथे थांबतो तो आकडा, नोंदवून ठेवला. त्याच्या तापमापीची घरं इतकी बारीक होती की १३ घरांचा एक अंश फॅरनहाइट व्हायचा. पहिल्या दोन वर्षांतच पारा साडेपाच घरं चढला. उरलेल्या छत्तीस वर्षांत मिळून जेमतेम आठ. त्या काळी तापमापींच्या काचेने सगळ्यांनाच त्रास दिलेला आहे. सोडा आणि पोटॅश दोन्ही असलेली काच जास्त खोड्या करते हे १८८० च्या दशकात जर्मनीत लक्षात आलं, आणि येना गावात ऑटो शॉटने तापमापींसाठी मुद्दाम वेगळी काच घडवली. आपल्याला काच म्हणजे सगळ्यात स्थिर, सगळ्यात निर्जीव वस्तू वाटते. जे लोक तिच्या भरवशावर मोजमापं करत होते त्यांना तसं कधीच वाटलं नाही.

आता हे का होतं ते सांगते. पाणी थंड केलं की एका ठरावीक तापमानाला त्याचे रेणू शिस्तीत रांगा लावतात आणि बर्फ होतो. काचेच्या रसाला तेवढा वेळच मिळत नाही. तो घट्ट घट्ट होत जातो, कणांना हलायला लागणारा वेळ दर काही अंशांनी कितीतरी पट वाढतो, आणि एका टप्प्याला थंड होण्याचा वेग कणांच्या सावरण्याच्या वेगाला मागे टाकतो. जो जिथे होता तो तिथे अडकतो. रचना द्रवाची, पण वाहणं थांबलेलं. हा समतोल नव्हे. कणांना अजून जवळ यायचंय, अजून खालच्या ऊर्जेला जायचंय, आणि ते जातातही, फार हळू. गोम अशी की जितके जवळ येतात तितकी जागा कमी उरते, आणि जागा कमी म्हणून पुढचं हलणं आणखी अवघड. स्वतःच्या प्रगतीनेच स्वतःची वाट अडवत जाणारी ही क्रिया आहे.

लहानपणी आम्ही पंजाब मेलने कल्याणला आजोळी जायचो, जनरलच्या डब्यातून. ग्वाल्हेरला चढताना वाटायचं, पाय ठेवायला जागा नाही. गाडी सुटते. पाचच मिनिटांत ट्रंका बाकाखाली जातात, मुलं मांडीवर येतात, उभ्या माणसाला टेकायला कोपरा मिळतो. डबरा येईपर्यंत निम्म्या लोकांची सोय लागलेली असते. त्यानंतर मात्र काम अवघड होतं. एका माणसाला चार बोटं सरकायचं तर आता शेजारच्या तिघांनी आणि समोरच्या दोघांनी एकदम हलायला हवं. तेही होतं, झाशी गेल्यावर कधीतरी. पुढचं भोपाळच्या आसपास. डबा तोच, माणसं तीच, पण ‘सोय लागणं’ दर टप्प्याला दसपट वेळ मागतं. नानांची वही मी पुढे सेमी-लॉग कागदावर मांडली, म्हणजे जिथे आडव्या अक्षावर १, १०, १०० वर्षं सारख्या अंतरावर असतात, तेव्हा ते सगळे ठिपके जवळपास सरळ रेषेत आले. पहिल्या वर्षापासून दहाव्यापर्यंत जेवढं घडलं, तेवढंच पुन्हा घडायला शंभरावं वर्ष उजाडावं लागेल.

याला इंग्रजीत एजिंग म्हणतात. मराठीत काय म्हणावं यावर मी बरीच वर्षं अडले होते. ‘वार्धक्य’ म्हटलं की झिजणं, मोडणं डोळ्यांपुढे येतं. ‘जुनं होणं’ म्हणजे नुसतं कॅलेंडर. मला वाटतं आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, आणि तो स्वयंपाकघरात आहे: मुरणं. लोणचं मुरतं, पीठ मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो. बाहेरून काही घालायचं नाही, फक्त असू द्यायचं, आणि आतल्या आत सगळं आपापली जागा धरत जातं. लोणच्यात मीठ-पाणी इकडून तिकडे जातं, काचेत तसं काही जात नाही, एवढा फरक आहे. तरी शब्द हाच बरोबर आहे. आणि मुरलेल्या लोणच्याला ‘शिळं’ कुणी म्हणत नाही, हेही बरोबर लागू पडतं. वाऱ्या-उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं, तडकतं, ते शिळं होणं. तिथे रासायनिक बंध तुटलेले असतात, ते परत येत नाहीत. मुरणं उलटवता येतं. वस्तू तिच्या काच होण्याच्या तापमानाच्या वर नेली, थोडा वेळ ठेवली आणि पुन्हा झटकन थंड केली, की ती पहिल्या दिवसाची होते. वय पुन्हा शून्यापासून.

हे मी पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. मला ते आठ महिने वाया घालवून कळलं.

१९९४ साली मी पीएच.डी.साठी दक्षिणेतल्या एका संस्थेत होते. माझं काम पीव्हीसीच्या पट्ट्या ताणण्याचं. पट्टी ९० अंशाला तापवायची, थंड पाण्यात बुडवायची, ४० अंशाच्या कपाटात टांगायची, खाली वजन लावायचं आणि ती तासागणिक किती लांबते ते मोजायचं. साधं काम. पण आकडे जुळेनात. सोमवारची पट्टी भराभर लांबे, गुरुवारची अडून बसे. एकाच शीटमधून कापलेल्या पट्ट्या! मी वजनं तपासली, थर्मोस्टॅट बदलला, पट्ट्यांची जाडी दहा-दहा ठिकाणी मोजली. आठ महिन्यांच्या नोंदी झाल्या आणि त्यातून एकही आलेख दुसऱ्यावर बसेना. शेवटी सरांनी वही मागितली, पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला: ‘पट्टी थंड केल्यापासून वजन लावेपर्यंत किती वेळ गेला, ते कुठे लिहिलंय?’

लिहिलंच नव्हतं. कधी पट्टी टांगली की लगेच वजन लावलं, कधी आधी जेवून आले, कधी रविवार मध्ये आला. मला तो वेळ म्हणजे रिकामा वेळ वाटायचा. पण पट्टी तेवढ्यात मुरत होती. तासाभराची पट्टी आणि तीन दिवसांची पट्टी ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, असंच धरून चालावं लागतं.

सरांनी मग स्ट्रुइक या डच संशोधकाचं काम वाचायला दिलं. त्याने १९७० च्या दशकात नेमक्या याच प्रकारे पीव्हीसी ९० वरून ४० अंशाला आणून १,००० दिवसांपर्यंत मुरू दिलं होतं, आणि मधूनमधून थोडा वेळ वजन लावून बघितलं होतं. त्याला दिसलं की काळागणिक लांबण्याच्या वक्राचा आकार तोच राहतो, फक्त तो काळाच्या अक्षावर उजवीकडे सरकतो. वय दसपट झालं की हालचाल जवळपास दसपट मंद. आणि एक काटेकोर पथ्य: वजन लावून बघायचा वेळ वस्तूच्या त्या वेळच्या वयाच्या एक दशांशाहून जास्त नसावा, नाहीतर बघता बघताच ती बदललेली असते. त्याने फक्त पीव्हीसी तपासलं नव्हतं. वेगवेगळी प्लास्टिकं, डांबर, चीज, सगळीकडे तोच नियम. रसायन कुठलंही असो, गर्दीत अडकलेली वस्तू सारखीच वागते, ही गोष्ट मला त्या वेळी अंगावर काटा आणणारी वाटली. आजही वाटते.

याचा व्यवहारात उपयोग मोठा आहे. प्लास्टिकचा पाइप पन्नास वर्षांत किती वाकेल, हे आठवड्याभराच्या चाचणीतून नुसती रेघ पुढे वाढवून काढता येत नाही. पाइप वापरात असताना मुरत राहतो आणि कडक होत जातो. म्हणजे लांबणं अपेक्षेपेक्षा कमी, पण ठिसूळपणा जास्त.

त्या रात्री होस्टेलवरून घरी फोन लावला. एसटीडी बूथच्या मशीनवर रुपये पळत होते आणि मी नानांना तारीख-वेळेचं रडगाणं ऐकवत होते. ते म्हणाले, ‘अगं, म्हणून तर मी वेळ लिहितो.’ एवढंच. आठ महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता गजक. ग्वाल्हेर-मुरैन्याबद्दल लिहायचं आणि गजक सोडायची हे आमच्याकडे चालणार नाही, आणि विषयालाही ती सोडून नाही. कारखान्यात गुळाचा पाक कढईतून दगडावर ओततात, जरा गार झाला की भिंतीतल्या खुंटीवर टाकून ओढतात, दुमडतात, पुन्हा ओढतात. तांबूस पाक ओढता ओढता पिवळसर पांढरा होतो, कारण त्यात हवेचे बारीक पदर शिरतात. मग भाजलेल्या तिळांबरोबर लाकडी मोगऱ्यांनी कुटायचं. कुटणाऱ्यांचा ठेका गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. हे सगळं पाक कोमट असेपर्यंतच व्हायला हवं. गार झाला की ती काच झाली. खरोखरची काच: साखरेच्या रेणूंना स्फटिक व्हायला वेळ न मिळता अडकून बसलेला द्रव. दाताखाली जो खुसखुशीत कडाका येतो तो काच फुटल्याचा आवाज आहे.

मी ज्यांच्याकडून घेते त्या म्हाताऱ्या दुकानदारांना एकदा विचारलं, होळीनंतर गजक का करत नाही? ते म्हणाले, ‘बहनजी, पुरवाई चली कि गजक बैठी.’ त्यांनी पूर्वेच्या दमट वाऱ्यावर ठेवलेलं बोट अगदी बरोबर जागी पडतं. कोरड्या साखरेची काच साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपास मऊ पडते, पण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं. ग्लुकोजची काच ३० अंशांच्या आसपासच ढिली होते, फ्रुक्टोजची त्याच्याही बरीच खाली. त्यात हवेतलं पाणी शिरलं की तापमान आणखी घसरतं. म्हणजे जानेवारीत काच असलेली गजक मार्चमध्ये चिवट द्रव होऊ लागते. हे मुरणं नव्हे, पाण्याने ढिलं पडणं आहे, आणि मी वर्गात हा फरक मुद्दाम सांगते, कारण गल्लत फार होते. पण एक गोष्ट यातून स्वच्छ कळते. गजक तिच्या मऊ पडण्याच्या तापमानाच्या शेजारी राहते, म्हणून तिच्यातले बदल दिवसांत दिसतात. तापमापीची काच मऊ पडते ५०० अंशांच्या आसपास. ग्वाल्हेरचा ४५ अंशांचा उन्हाळाही तिला कडाक्याची थंडीच. म्हणून तिला वर्षं लागतात.

अगदी अलीकडची काचही याला अपवाद नाही. मोबाइलच्या पडद्यासाठी कॉर्निंग कंपनी जी काच करते, तिचा एक मीटरचा तुकडा नुसता खोलीच्या तापमानाला ठेवून तिच्याच संशोधकांनी मोजला. दीड वर्षात तो सुमारे १० मायक्रॉन आक्रसला होता, १ लाखात १ भाग. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी हिशेब करून बघितला. लांबीतला एक भाग म्हणजे आकारमानात तीन. नानांच्या फुग्यातले दोन भाग त्याच घरातले निघाले. नाना तेव्हा नव्हते. फार वाटलं, त्यांना दाखवायला हवं होतं.

त्याच वर्षी टेक्सासमधल्या ग्रेगरी मॅकेना यांच्या गटाने २ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरवर काम केलं. अंबर म्हणजे झाडाची राळ, तीही काचच. इतका काळ मुरलेला तुकडा, तापवून ‘नवा’ केलेल्या तुकड्यापेक्षा सुमारे २ टक्के घन निघाला. नानांच्या लाखात दोनपुढे हे शंभरात दोन!

दुसऱ्या टोकाला, काही तासांत म्हातारी होणारी द्रव्यंही आहेत. लॅपोनाइट नावाची माती पाण्यात कालवली की आधी पाण्यासारखी वाहते, मग घट्ट जेली होते, आणि तासागणिक आणखी कडक होत राहते. जोरात ढवळली की पुन्हा तरुण. आमच्यापासून फार लांब नसलेल्या कानपूरच्या आयआयटीत योगेश जोशी आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत रंजिनी बंडोपाध्याय यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथेही पहिला प्रश्न तोच: ढवळणं थांबवून किती वेळ झाला? टूथपेस्ट, रंग, शाडूचा गारा, सगळ्यांचं हेच आहे.

विद्यार्थ्यांना जयविलास महालात घेऊन गेले की कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, जुन्या काचा खालून जाड होतात ना? काच हळूहळू वाहते म्हणून?’ दरबार हॉलची ती दोन प्रचंड झुंबरं, १८७४ चा महाल, सगळीकडे काच. नाही, होत नाहीत. ब्राझीलच्या एडगर झानोट्टो यांनी १९९८ मध्ये गणित करून दाखवलं की खोलीच्या तापमानाला खिडकीची काच वाहायला विश्वाचं वयही पुरणार नाही. जुन्या काचा बनतानाच असमान बनायच्या. वाहणं वेगळं आणि जागच्या जागी मुरणं वेगळं. हे सांगून मी त्यांना नानांची तापमापी दाखवायला घरी आणते.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीत माझी भाची शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्याकडे आली होती. मीठ घातल्यावर पाण्याचा उत्कलनांक किती वाढतो, हा प्रयोग. मी कॉलेजात होते. तिने कपाटातून लाकडी पेटी काढली, घाईत झाकणाची चिठ्ठी वाचली नाही, आणि नानांची तापमापी उकळत्या मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं धरली. मी संध्याकाळी आले तर तापमापी स्टीलच्या पेल्यात उभी. ‘आत्या, एकशे दोन आलं!’ ती खूश होती. मी तिला काही बोलले नाही. बोलण्यासारखं तिचं काही चुकलंही नव्हतं. पण पोटात खड्डा पडला.

कारण त्या चिठ्ठीचा अर्थ मला आता कळत होता. तडकेल म्हणून नव्हेच. तापवलं की फुगा थोडा सैल होतो आणि झटकन गार केला तर तसाच सैल राहतो. शून्यांक खाली घसरतो. पस्तीस वर्षं नानांनी आणि पुढे मी जे जपलं, ते अर्ध्या तासात पुसलं गेलं असणार असं मला वाटलं.

पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबायला धीर नव्हता. कोपऱ्यावरच्या इन्व्हर्टर-बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला, ट्रे भरले, रात्री अकराला बर्फ ठेचला. आदल्या महिन्यातच, संक्रांतीला, माझी नोंद ०.१४ होती. आता ०.०२.

रात्रभर मी जागी होते आणि पहाटे कोव्हॅच आठवला. आंद्रे कोव्हॅच, स्ट्रासबूर्गचा. १९६३ मध्ये त्याने पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटवर, म्हणजे आपल्या पांढऱ्या गोंदातल्या द्रव्यावर, एक प्रयोग केला. ते थंडीत मुरू दिलं, आणि एका विवक्षित क्षणी गरम केलं, असं नेमकं की त्या तापमानाला जेवढं आकारमान शेवटी असायला हवं तेवढंच त्या क्षणी होतं. आता ते स्वस्थ बसायला हवं. तापमान योग्य, आकारमान योग्य. पण ते आधी फुगलं आणि मग हळूहळू परत आक्रसून जागेवर आलं. याचा अर्थ, आत एकच घड्याळ चालत नसतं. काही भाग चटकन सावरणारे, काही फार मंद. थोडी उष्णता चटकन सावरणाऱ्यांना हलवते, मंद भागांपर्यंत ती पोचतच नाही. बाहेरचा आकडा एक असला तरी आतला इतिहास वेगवेगळा असतो.

आणि शंभर अंश म्हणजे ५०० नव्हे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर पुन्हा बर्फ. ०.०५. चौथ्या दिवशी ०.०८. पंधरवड्याने ०.१०. भाचीला आता कळलं होतं, ती रोज फोन करून आकडा विचारायची. होळीच्या सुमारास ०.११, मेच्या उकाड्यात ०.१२. १९६९ पासून इथवर यायला तापमापीला कित्येक वर्षं लागली होती. तीच वाट तिने या वेळी तीन महिन्यांत काढली, कारण ही सगळी वाट नवी नव्हतीच. उकळत्या पाण्याने वरवरचे चपळ भाग ढिले केले होते. खाली, खोल, जे सावकाश मुरलं होतं ते तसंच होतं.

या संक्रांतीला भाची मुद्दाम आली. बर्फ तिने ठेचला, धुतला, थर्मास भरला. वीस मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो. भिंग तिच्या हातात दिलं आणि पारा डोळ्याच्या पातळीत कसा आणायचा ते दाखवलं.

‘पहिल्या रेघेच्या खाली, आत्या. पाऊण घराच्या जवळपास. एक बोटभर इकडे-तिकडे नाही, अगदी कणभर कमी.’

म्हणजे ०.१४. मी वही पुढे केली. नानांच्या अक्षराखाली माझं, माझ्या अक्षराखाली तिचं. तारीख तिने लिहिली आणि मी काही म्हणायच्या आत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळही लिहिली: दुपारी ३ वाजून २० मिनिटं.